टायटॅनियम हाडाला मानवते, पण हिरडीचे काय?

टायटॅनियम शरीराला मानवते, त्यामुळे दाताच्या इम्प्लांटपासून (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळापासून) हिरडीला धोका नाही, असे म्हटले जाते. पहिले विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र अपुरा वाटतो. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. धातूवरील ऑक्साइडच्या पातळ थरामुळे तो सहसा गंजत नाही आणि हाड त्याला थेट जुळते.

हिरडीचे तसे नाही. नैसर्गिक दाताच्या मुळावरील सिमेंटम या हाडासारख्या पातळ थरामध्ये हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटवर तो थरच नसल्याने तंतू बहुतांशी त्याला समांतर किंवा कड्यासारखे भोवती राहतात, शिवाय दात आणि हाड यांमधल्या बंधातून हिरडीला मिळणारा रक्तपुरवठाही तेथे नसतो. त्यामुळे जिवाणूंचा थर साचला की सूज खोलवर जायला अडथळा कमी. ती हिरडीपुरती असेल तर नीट स्वच्छतेने उतरू शकते. हाड झिजू लागले की उपचार फार अवघड होतात, आणि दुखत नसल्याने हे अनेकदा उशिरा कळते, याची मला खरी काळजी वाटते.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि पूर्वीचा हिरडीचा आजार यांनी धोका वाढतो. इम्प्लांटवरची कॅप (वर दिसणारा कृत्रिम दात) चिकटवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंटही सूज आणते, म्हणून स्क्रूने बसणारी कॅप शक्य आहे का, हे दंतवैद्यांना आधीच विचारावे.