मदत हवी आहे: रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५०चं डायनो ट्यूनिंग (गाडी रोलरवर चालवून इंजिनाची सेटिंग जुळवणं), पैसे देण्याआधी काय विचारू?
गाडी बीएस६, वॉरंटी संपलेली. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि जास्त हवा घेणारा एअर फिल्टर बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो आणि ३००० आरपीएमच्या खाली गाडी झटके देते. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून सिंक केली, सायलेन्सरच्या जोडावर गळतीही नाही. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होत असावं. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड, तो हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७:१ च्या आसपास असेल तेवढंच नीट सांगतो. त्यामुळे नेटवरचा तयार मॅप (इंजिनाच्या कंप्युटरने, म्हणजे ईसीयूने, किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) टाकायची माझी अजिबात तयारी नाही.

पुण्यातला एक ट्यूनर डायनोवर ईसीयू रिमॅप करून देईन म्हणतोय. मला टॉप स्पीड नको, ताम्हिणीच्या चढावर कमी आरपीएमला गाडी सुरळीत ओढली पाहिजे. पीयूसीही पास व्हायला हवी. मूळ भाग जपून ठेवलेत, पण ते परत लावणं हा शेवटचा उपाय.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांना विचारतो: वाइडबँड (कमी-जास्त प्रमाणही नीट मोजणारा) सेन्सर लावून अर्ध्या थ्रॉटलचंही मॅपिंग करतात, की फक्त फुल थ्रॉटलचे रन? मूळ मॅपची प्रत आपल्याला देतात का? पुढे सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं तर रिमॅप पुसला जाईल का? आणि एवढ्या कामाचे रास्त पैसे किती?