मदत हवी आहे: पंप चालू आहे तरी बेसमेंटात पाणी!

खारी_बटर · सोमवार, रात्री ९:४०
घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. दुपारपासून बेसमेंटात पाणी येतंय. मागच्या भिंतीचा आणि जमिनीचा सांधा आहे ना, तिथून. कार्पेटवर पाय ठेवला की पचपच होतं. व्हॅक्यूमने ओढलं तर अर्ध्या तासात परत तेवढंच. बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप चालू आहे. बाहेर ढिगाने बर्फ आहे आणि बुधवारपासून कडक ऊन म्हणतायत. एका कंपनीने फोनवरच १२ ते १५ हजार डॉलर सांगितले, तेही पुढच्या महिन्यात. एवढं करावंच लागतं का? आणि आज रात्री काय करू?

निंबोणी · ९:५२
कुठे राहता? घर किती जुनं? विजेचं पॅनेल बेसमेंटातच आहे का? पाणी प्लगच्या उंचीला पोचलं असेल तर आत पाऊलही टाकू नका, आधी वीज कंपनीला फोन.

कृष्णाकाठ · १०:०५
ताई, आम्ही सांगलीचे. २००५ आणि २०१९, दोन्ही पूर घरात घेतलेत. पहिलं काम म्हणजे कागदपत्रं, औषधं आणि गादीखालचे पैसे वरच्या मजल्यावर. मेन स्विच बंद. मग घराचे आणि सामानाचे फोटो काढून ठेवा, नंतर पंचनाम्याला काहीच उरत नाही. आम्ही हे शेवटी केलं आणि पस्तावलो.

जुना_मिस्त्री · १०:११
खालून पाणी येतंय म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलं. पुण्यात आम्ही टेरेसला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून घेतला, चौदा वर्षं थेंब नाही. चांगला माणूस बघा आणि एकदाच खर्च करा.

निंबोणी · १०:१४
मिस्त्रीकाका, कोबा छतावर. इथे पाणी जमिनीखालून दाबाने येतंय, आतून कितीही लेप दिला तरी ते दुसरी फट शोधतं.

खारी_बटर · १०:२०
मिनेसोटा, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला. घर १९८६ चं, आम्ही ऑक्टोबरमध्ये घेतलं, हा पहिलाच हिवाळा. पॅनेल गॅरेजमध्ये आहे. पाणी बोटभर, प्लग दीड फूट वर. नवरा डॅलसला गेलाय, सासूबाई आणि मी बादल्या काढतोय. कागदपत्रं वर नेली, धन्यवाद कृष्णाकाठ.

टिपरी · १०:२६
बादल्या कुठे ओतताय? दाराबाहेर नका ओतू, फिरून तेच पाणी आत येईल.

खारी_बटर · १०:२८
कपडे धुण्याच्या सिंकमध्ये.

विनिपेगकर · १०:३५
मार्चमध्ये वरचं वितळतं पण खालची माती दगडासारखी गोठलेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. भिंतीलगतची माती मात्र घराच्या उबेने आधी मोकळी होते, पाणी तिथूनच उतरतं. आमच्याकडे तर नदीही उलटी पडते. रेड रिव्हर दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. उगमाकडे बर्फ वितळतो तेव्हा मुखाकडे नदी गोठलेलीच, म्हणून पाणी तुंबतं. १९९७ ला उगमाकडच्या ग्रँड फोर्क्स शहरात ५४.३५ फुटांवर गेली होती. विनिपेग वाचलं ते १९६८ ला पूर्ण झालेल्या, शहराला वळसा घालणाऱ्या ४७ किलोमीटरच्या कालव्यामुळे. त्या वेळी लोक त्याला पैशाची नासाडी म्हणायचे.

टिपरी · १०:४०
माहिती छान आहे, पण त्या बाईंच्या घरात आत्ता पाणी आहे. बर्फ भिंतीला टेकून आहे का? मागे पॅटिओ आहे का? पन्हळीचं पाणी कुठे पडतं?

खारी_बटर · १०:४९
हो, टेकून आहे. पॅटिओचा बर्फ आम्ही हिवाळाभर तिथेच सारला, दुसरीकडे जागा नव्हती. साधारण तीस फूट लांब, चार रुंद आणि माझ्या कमरेएवढा. पन्हळीचा पाइप कोपऱ्यात भिंतीजवळच सुटतो, त्याचं पुढचं नळकांडं त्या बर्फाखाली कुठेतरी असेल.

टिपरी · १०:५८
मग हिशेब करा. तीस गुणिले चार गुणिले तीन म्हणजे ३६० घनफूट. सारून दाबलेल्या जुन्या बर्फात तिसरा हिस्सा तरी पाणी असतं. किमान आठशे गॅलन, म्हणजे तीन हजार लिटर. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या तुम्ही भिंतीला टेकवून ठेवल्यात, आणि बुधवारी ऊन त्यांचा नळ सोडणार आहे. तो ढीग हलवा. भिंतीपासून सहा फूट तरी मोकळं करा आणि बर्फ उतारावर टाका. १५ हजार डॉलरआधी एक फावडं.

शेवगा · ११:०३
सहमत नाही. आम्ही तीन वर्षं फावडं मारलं, चौथ्या वर्षी शेवटी आतून ड्रेन टाइल (जमिनीखालचं पाणी गोळा करणाऱ्या नळ्या) घातली. ११ हजार गेले, पण आता झोप लागते. १९८६ च्या घरात नळ्या मातीने बुजलेल्याच असणार.

टिपरी · ११:०६
तुमच्याकडे भूजलच वर असेल. यांच्याकडे आजच आलंय, बर्फ आत्ता वितळायला लागलाय. दोन्ही सारखं नाही.

शेवगा · ११:०९
आणि पुढच्या वर्षी परत आलं तर? एकदा ओल लागलेल्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही हो.

रेवा_के · ११:१२
भिंतीलगत मीठ टाका, पटकन वितळतं.

निंबोणी · ११:१३
मीठ नको! वितळलेलं पाणी तिथेच उतरणार आणि खारं पाणी काँक्रीट खाणार.

निंबोणी · ११:१५
खारी, तुम्ही "पंप चालू आहे" म्हणालात. चालू म्हणजे नेमकं काय? खड्ड्यातली पातळी खाली जाते का? बाहेरच्या पाइपातून पाणी पडताना दिसतं का?

खारी_बटर · ११:३१
आत्ता झाकण काढून टॉर्चने बघितलं. पंप घुंऽऽ करतोय, थांबतच नाही. पाणी गोल फिरतंय पण पातळी तसूभर हलत नाही. वर जाणारा पांढरा पाइप हाताला थरथरतोय. आणि त्या भिंतीवर खाली पांढरं पांढरं फुललंय, आधी कपाटामागे होतं म्हणून दिसलं नाही.

निंबोणी · ११:३४
पांढरं म्हणजे लोणा. इथे आधीही ओल येऊन गेली आहे. ते नंतर बघू. पंपाचं पाणी बाहेर कुठे जातं?

खारी_बटर · ११:३८
भिंतीतून पाइप बाहेर येतो, त्याला आधीच्या मालकांनी लांबलचक निळी नळी जोडली होती, बागेच्या टोकापर्यंत. आता बर्फाखाली आहे.

निंबोणी · ११:४०
झालं, हेच आहे! ती नळी आतून गोठलीय. पंप ढकलतोय, पुढे बूच आहे. प्लग काढा, नाहीतर मोटर जळेल. मग बाहेर जाऊन नळी भिंतीच्या तोंडाशीच सोडवा.

रेवा_के · ११:४२
ब्लोटॉर्चने दोन मिनिटांत सुटेल, माझ्या भावाने केलंय.

निंबोणी · ११:४३
अजिबात नको! प्लास्टिकचा पाइप आणि भिंतीचं सायडिंग (बाहेरचं आवरण), दोन्ही पेट घेतील. गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल गुंडाळा. पकड असेल तर नळी आवळणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू फिरवा.

खारी_बटर · मंगळवार, रात्री १२:५०
सुटली! सासूबाईंनी टॉर्च धरला, मी गुडघ्यावर बसून बर्फ उकरला. तिसऱ्या टॉवेलला क्लॅम्प हलला. नळीच्या तोंडात बर्फाची कांडी होती, उसाच्या कांड्यासारखी घट्ट. पंप लावला आणि पाइपातून असा झोत आला की माझं सगळं जॅकेट भिजलं. चार मिनिटांत खड्डा रिकामा. पंप आपोआप थांबला, दुपारपासून पहिल्यांदा घरात शांतता आहे. पण पाणी आता भिंतीपाशीच पडतंय.

टिपरी · १२:५८
शाब्बास! चार इंची कडक पाइपाचा तुकडा त्या तोंडाखाली उताराने ठेवा, घट्ट जोडू नका, मधे फट राहू द्या. पुढे गोठलं तरी पाणी फटीतून बाहेर पडेल. सध्या पन्हळीचा जुना तुकडाही चालेल. तुमच्या गावाच्या सांडपाण्याच्या गटारात मात्र पंप जोडू नका, आमच्या गावात त्याला बंदी आहे.

शेवगा · सकाळी ७:१५
आनंद झाला. तरीही सांगतो, बॅटरीवर चालणारा दुसरा पंप घ्या. वसंतातल्या वादळात वीज जाते आणि पाणी तेव्हाच येतं.

निंबोणी · ७:३०
यावर शेवगांशी शंभर टक्के सहमत.

अनुस्वार · ७:४८
इन्शुरन्सचं कुणीच बोललं नाही. साध्या होम पॉलिसीत पूर धरत नाहीत. पंप बंद पडून किंवा गटार उलटून आलेल्या पाण्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं, ते तुमच्याकडे आहे का बघा. सरकारी पूरविम्याला साधारण ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे आज काढला तर हा बर्फ वितळून जाईल. शिवाय त्यात बेसमेंटातली घर तापवायची भट्टी आणि गीझर धरतात, कार्पेट आणि फर्निचर नाही.

खारी_बटर · बुधवार, संध्याकाळी ६:२०
एजंटला फोन केला, ते कलम नव्हतं, आजपासून घातलं. या वेळचं काही मिळणार नाही.
काल संध्याकाळी शेजारचे आजोबा त्यांचं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आले. भिंतीपासून सात फूट मोकळं केलं. पन्हळीचं नळकांडंही सापडलं, चेपलेलं होतं, बदललं. आज ४८ अंश फॅरनहाइट ऊन होतं, छतावरून पागोळ्या धो धो गळत होत्या. पंप दर वीस मिनिटांनी सुरू होतो आणि थांबतो. सांध्याला ओल आहे, पण पाणी नाही.
कार्पेटचा एक कोपरा उचलला तर खालच्या फोमला वास यायला लागलाय. पंखे लावू की फाडू?

निंबोणी · ६:३१
फोम फाडा आणि आजच बाहेर टाका. दोन दिवस होऊन गेले, बुरशी याच सुमारास धरते. वरचं कार्पेट धुऊन वाचलं तर वाचेल. भिंतीचं प्लास्टरबोर्ड खालून भिजलंय का हाताने दाबून बघा, मऊ लागलं तर तेवढी पट्टी कापा.

जुना_मिस्त्री · ६:४५
आणि माती भिंतीपासून उताराची करून घ्या, उन्हाळ्यात. दहा फुटांत सहा इंच. उतार मात्र टेरेसलाही लागतो आणि तुमच्या अंगणालाही.

खारी_बटर · ७:०२
हो काका, मे महिन्यात करून घेते. कात्री घेऊन खाली चाललेय. बोर्ड दाराजवळ मऊ लागतोय.