इझमीर: आल्सानजाकच्या गल्ल्या बारनी जगवल्या की मारल्या?

गलबत
तुर्कस्तानातल्या इझमीर शहराच्या आल्सानजाक या वस्तीबद्दल परवा कुणीतरी लिहिलेलं वाचलं, "इझमीरला आल्सानजाकमध्ये बार सोडून काही नाही, तिकडे फिरकू नका." मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

१९२२ च्या आगीत इझमीरचे ग्रीक आणि आर्मेनियन मोहल्ले जळून गेले. उत्तरेचं हे टोक, म्हणजे आल्सानजाक (तेव्हाचं पुंता), बरंचसं वाचलं. गाझी कादिनलार सोकाक या गल्लीत आजही एकमेकांना खेटून उभी दुमजली घरं दिसतात. वरच्या मजल्याची खिडकी सज्जासारखी रस्त्यावर पुढे आलेली असते, तिला तिथे जुम्बा म्हणतात. या घरांत आता बार आणि मेयहाने आहेत (आपल्या मयखान्याचंच भावंड). हे धंदे आले नसते तर इथेही कॉर्दोनसारख्या (कॉर्दोन म्हणजे तिथला समुद्रकिनाऱ्याचा रस्ता) सात-आठ मजली इमारती चढल्या असत्या. बारनीच ही घरं वाचवली, असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी
असहमत. नोकरीनिमित्त त्याच गल्लीच्या मागे दोन वर्षं राहिलो. तुम्ही जे वाचलं म्हणता ती फक्त दर्शनी भिंत. आतल्या भिंती कधीच पाडल्यात. रात्री एकला माझ्या पलंगाची फळी ढोलाच्या ठेक्यावर थरथरायची. शेजारच्या आजी चाळीस वर्षं तिथे राहिल्या आणि शेवटी खाडीपलीकडे कार्शियाकाला मुलीकडे गेल्या. घरात माणूसच उरलं नाही तर घर वाचलं कसं म्हणायचं?

२०२१ मध्ये सरकारने रात्री बारानंतर संगीत बंद केलं तेव्हा मला तरी हायसं वाटलं. पुढच्या वर्षी ती वेळ एकपर्यंत वाढवली.

अबोली
रात्रपाळी, तुमचा त्रास खरा आहे, पण त्या नियमाचं कौतुक नको. तो महामारीच्या नावाने आला आणि महामारी ओसरल्यावरही राहिला. आजूबाजूला एकही घर नसलेल्या ठिकाणीही तोच. वादकांच्या पोटावर पाय आला तो वेगळाच. त्याआधी २०१३ च्या कायद्याने दुकानातली दारूविक्री रात्री दहा ते सकाळी सहा बंद झाली, जाहिराती बंद झाल्या, शाळा-मशिदींपासून शंभर मीटरच्या आत नवा परवाना नाही असं ठरलं. कर तर सतत वाढतोय. इझमीरच्या लोकांना यात आपल्या झोपेची काळजी दिसत नाही, आपल्या जगण्यावरचा पहारा दिसतो.

आणि एक बाई म्हणून सांगते. रात्री साडेबाराला मी त्या गल्लीतून एकटी चालत बायकुश बसपर्यंत जायचे (बायकुश म्हणजे घुबड, रात्रीच्या बसचं नाव). टेबलांवर बायका, म्हाताऱ्या जोडप्यांसकट सगळे. एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही. ही टेबलं उठली तर तिथे अंधारच उरेल.

मिठागर
पण रात्र म्हणजे फक्त बार का? नव्वदच्या दशकात कॉर्दोनला समुद्रात भराव टाकला तो मोठ्या रस्त्यासाठी. लोक भांडले, म्हणून तिथे आज हिरवळ आहे. संध्याकाळी पोरं तिथे चिदेम, म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, सोलत आणि दहाच्या आत घेतलेली बिअर पीत बसतात. बारमधला पेला परवडत नाही त्यांची मैफल ही. सकाळी मात्र काचा आणि टरफलांतून वाट काढावी लागते, तेही खरं.

रात्रपाळी
अबोलीताई, सरकारची नियत आणि माझी झोप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. मी राकीच्या, म्हणजे तिथल्या बडीशेपेच्या चवीच्या दारूच्या, विरोधात नाहीच. मेयहान्यात माणसं चार-चार तास गप्पा मारत बसतात, त्याने माझी झोप कधी मोडली नाही. मोडली ती दारात स्पीकर लावणाऱ्या बारांमुळे.

गलबत
स्पीकर आत घ्यावेत, मान्य. दारं-खिडक्या लावून घ्याव्यात, तेही मान्य. पण बार शहराबाहेर हलवा म्हणाल तर कडाडून विरोध.

रात्रपाळी
दारं लावून घेणार कोण? जुलैत इझमीरचा पारा अनेकदा ३५ च्या वर जातो. बारवाला पुढची बाजू उघडी टाकतो आणि वर राहणाराही खिडकी उघडी ठेवूनच झोपतो. मधे फक्त शंभर वर्षांची लाकडी तक्तपोशी असते.