हिनर्सच्या पाइप ऑर्गनबद्दल कुणाला माहिती आहे काय?

खानापूरचा_पेटीवाला
नमस्कार मंडळी. माझं पेटी दुरुस्तीचं काम आहे, जास्त करून भजनी मंडळांच्या पेट्या येतात. परवा अमेरिकेतल्या एका खेड्यातल्या चर्चचा व्हिडिओ बघितला, लहानसाच पाइप ऑर्गन (नळ्यांत हवा फुंकून वाजणारा), पट्ट्यांच्या वर पाटी होती हिनर्स अँड अल्बर्टसेन, पेकिन, इलिनॉय. इतका जुना पण काय गोड वाजतोय अजून! शेतकऱ्यांच्या गावाला असलं महागाचं वाद्य परवडलं कसं, आणि पेकिनसारख्या लहान गावात बसून ह्या हिनर्सनं ते विकलं कसं? आत आपल्या पेटीसारखेच पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या पितळी पात्या, असतात काय?

टिळकवाडी_७२
ती पाटी असेल तर तो 1902 च्या आधीचा, कारण त्या साली कंपनीचं नाव बदलून हिनर्स ऑर्गन कंपनी झालं. जॉन हिनर्स हा जर्मन मेथडिस्ट पाद्रीचा मुलगा, शिकागोत मेसन अँड हॅमलिन ह्या ऑर्गन कंपनीकडं काम करून 1879 ला पेकिनला आला. सुरुवातीला पायानं भाता मारायचे, पात्यांवर वाजणारे रीड ऑर्गनच करायचा, पाइप ऑर्गन 1890 च्या सुमारास. आणि परवडलं कसं म्हणाल तर खरी गंमत तिथंच आहे बघा. मोठे कारखानदार प्रत्येक चर्चसाठी वेगळं डिझाइन करायचे, एजंट फिरवायचे, तो सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. ह्यानं ठरलेले मोजकेच नमुने ठेवले, कॅटलॉग छापला, इंग्रजीत आणि जर्मनीत पण, कारण त्या भागात जर्मन शेतकऱ्यांची वस्ती भरपूर. लोकांनी पत्रानं ऑर्डर द्यायची, ऑर्गन सुटा करून रेल्वेनं यायचा, कंपनीचा माणूस येऊन जोडायचा, उचलाउचल गावकरीच करायचे. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, माल स्वस्त केला पण हलका केला नाही, म्हणून तर तुम्ही आज ऐकालाय. 1906 ला तो वारला, कंपनी पुढं 1930 च्या दशकात मंदीत बसली.

निपाणीकर
आतलं मी सांगतो. पितळी सूर नाहीत ओ, बहुतेक पाइप बासरीच्या जातीचे, फुंकर कडेवर आपटते आणि आतली हवा घुमते. पट्टी दाबली की लाकडाच्या बारीक लांब पट्ट्या ओढल्या जातात आणि पाइपांखालच्या हवेच्या पेटाऱ्यातली झडप उघडते, वीज बिज काही नाही, भाता मारायला शेजारी एक पोरगं उभं. लहान ऑर्गनमध्ये खर्जाची युक्ती बघण्यासारखी असते: आठ फुटी पाइपचा सूर हवा असेल तर चार फुटी लाकडी पाइप करून वरनं बूच मारायचं, सूर एक सप्तक खाली उतरतो. लाकूडही वाचतं, जागाही वाचते. मात्र उन्हाळ्यात पाइपचा सूर चढतो, पितळी सुरांना तेवढा फरक पडत नाही.

खानापूरचा_पेटीवाला
वा, बूच मारायचं हे माहीत नव्हतं, एकदम पटलं. मग त्यांचे ते पायाचे रीड ऑर्गन आपल्या पायपेटीसारखेच काय?

निपाणीकर
दिसायला सारखे पण हवा उलटी. अमेरिकन रीड ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो आणि ती ओढ सुरांतनं जाते, आपली पेटी हवा बाहेर ढकलते. त्यामुळं त्यांचा आवाज मऊ लागतो. सुराचं काम मात्र तुमचंच, टोकाला खरवडलं की चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. तसला एखादा दुरुस्तीला आला तर आधी भात्याचं कापड बघा, सूर नंतर, जुन्या वाद्यात बहुतेक वेळा हवाच गळत असते.

शहापूरची_मेघा
शेतकऱ्यांना माल विकणारा कारखानदार म्हटल्यावर आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. बेळगावात सायकलीचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर, गिऱ्हाईक सगळं शेतकरीच. 1910 ला इथनं उठून कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेही रेल्वेच्या कडेलाच. पेटीवाले, त्या व्हिडिओची लिंक टाका की, आमच्या क्लासच्या पोरांना ऐकवायचंय.