रोडिओ: पूर्ण आठ सेकंद बसूनही शून्य गुण का मिळतात?

वैदेही_केटी

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममधला रोडिओ (उसळत्या घोड्यांवर-वळूंवर आठ सेकंद बसून दाखवायच्या आणि जनावरांना दोर टाकायच्या स्पर्धा) बघायला आम्ही घरचे सगळे जाणार आहोत. सासू-सासरे मिरजेहून आलेत. सासरे जनावरांतले जाणकार. सध्या जुने सामने लावून बसतात आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीत.

घोड्यावरचा एक जण आठ सेकंदांचा भोंगा वाजेपर्यंत पक्का बसला होता, तरी त्याला शून्य दिलं. दुसऱ्याला गुण मिळाले, पण पंचांनी त्याला ‘पुन्हा बसतोस का’ असं विचारलं. हे कशावरून ठरतं? शिवाय जनावराच्या कमरेला आवळतात तो पट्टा (फ्लँक स्ट्रॅप) नेमका कुठे असतो? तो वृषणांना बांधतात असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. सासऱ्यांचा शेवटचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या वळूंना आपल्याकडच्या बैलांसारखं वशिंड आणि गळ्याखालची पोळी कुठून आली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

खोगीर_आणि_रिकीब

वैदेहीताई, तुम्ही पाहिलेलं शून्य बहुधा ‘मार्क आउट’ चुकल्याचं असणार.

उसळत्या घोड्यावरच्या स्पर्धा दोन. बेअरबॅकमध्ये खोगीर नसतं, घोड्याच्या पाठीवर आवळलेल्या चामडी पट्ट्याला असलेली मूठ एका हाताने धरायची. सॅडल ब्रॉन्कमध्ये खोगीर आणि रिकिबी असतात आणि हातात फक्त मोरकीला बांधलेला एक जाड विणलेला दोर. दोन्हींत नियम एकच: शूटचं (जनावर उभं करतात तो अरुंद लोखंडी कप्पा) दार उघडल्यावर घोड्याच्या पहिल्या उडीत त्याचे पुढचे पाय जमिनीला टेकेपर्यंत स्वाराच्या दोन्ही टाचांचे स्पर (बुटाच्या टाचेला लावलेली आर) घोड्याच्या खांद्याच्या सांध्याच्या वर टेकलेले हवेत. एक टाच जरी खाली घसरली तरी तो बाद. पुढचे आठ सेकंद तो कितीही सुंदर बसला तरी उपयोग नाही. टीव्हीवर हे निसटतं, कारण कॅमेरा घोड्याच्या मागच्या लाथांकडे असतो. स्टेडियममध्ये पहिल्या उडीला फक्त स्वाराच्या टाचांकडे बघा. एक सवलत आहे: घोडा दारातच अडून उभा राहिला, तर पंच मार्क आउट माफ करू शकतात.

शून्याची बाकी कारणं सोपी आहेत. मोकळा हात जनावराला, स्वतःच्या अंगाला किंवा सामानाला लागला की बाद. सॅडल ब्रॉन्कमध्ये रिकिबीतून पाय निसटला किंवा दोराचा हात बदलला तरी बाद. वळूवर मार्क आउट नाही आणि टाच मारण्याची सक्तीही नाही. मारली तर गुण वाढतात. घड्याळ सुरू होतं ते जनावराचा खांदा दाराची रेषा ओलांडतो तेव्हा, दार उघडतं तेव्हा नाही.

आता गुण. पीआरसीएच्या (व्यावसायिक रोडिओ स्वारांची मुख्य संघटना, कार्यालय कोलोराडो स्प्रिंग्जला) पद्धतीत दोन पंच. प्रत्येक जण स्वाराला २५ पैकी आणि जनावराला २५ पैकी गुण देतो. बेरीज १००. म्हणजे निम्मे गुण जनावराचे! गरीब घोडा वाट्याला आला, तर जगातला उत्तम स्वारसुद्धा सत्तरीच्या पुढे फारसा जात नाही. म्हणून चिठ्ठीत अवघड जनावर निघालं की चांगले स्वार खूश होतात. ऐंशीच्या वर गेलं की बक्षिसाची आशा, नव्वद म्हणजे अप्रतिम. पीआरसीएच्या इतिहासात पूर्ण १०० एकदाच मिळाले: १९९१ साली, ऑरेगनमधल्या सेंट्रल पॉइंटला, वेड लेस्लीला, वुल्फमन या वळूवर.

‘पुन्हा बसतोस का’ म्हणजे री-राइड. घोडा पडला, शूटवर आदळला किंवा धड उसळलाच नाही, तर पंच दुसरं जनावर देऊ करतात. स्वाराने हो म्हटलं की पहिले गुण गेले, आणि दुसऱ्यावरून पडला तर हातात शून्य. समजा ६८ मिळाले, तर त्यावर थांबायचं की नाही, हे तोपर्यंत बाकीच्यांना किती मिळालेत ते फलकावर बघून ठरवावं लागतं. इथे पगार नसतो. प्रवेश फी स्वाराच्या खिशातून जाते आणि वर्षाची क्रमवारी जिंकलेल्या डॉलरवर लागते. प्रत्येक प्रकारातले पहिले १५ डिसेंबरात लास व्हेगासच्या नॅशनल फायनल्सला जातात. त्यामुळे हा निर्णय थेट पैशाचा आहे.

सॅडल ब्रॉन्क बघताना आणखी एक गोष्ट. स्वार चढण्याआधी दोर खोगिरापर्यंत ताणून मुठीने मोजतो. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यामागे एक मूठ आणि ताठ अंगठा, हे नेहमीचं माप. मान खाली घालून उसळणाऱ्या घोड्याला दोर लांब द्यावा लागतो, मान वर ठेवणाऱ्याला आखूड. लांब झाला तर आधार सुटून स्वार मागे फेकला जातो, आखूड झाला तर घोडा मान खाली घालताना त्याला पुढे ओढून काढतो. म्हणून स्वार त्या घोड्यावर आधी बसलेल्याला फोन करून माप विचारतात आणि समोरचा प्रतिस्पर्धी असूनही खरं माप सांगतो. मला या खेळातली ही रीत फार मोलाची वाटते.

---

राळ_आणि_दोर

वरचा प्रतिसाद उत्तम. वळूच्या दोराबद्दल भर घालतो, कारण अपघात बहुतेक तिथूनच सुरू होतात.

बुल रोप म्हणजे चपटा विणलेला दोर, त्यात एका हातापुरती मूठ विणलेली. तो खांद्यांच्या लगेच मागे, छातीभोवती येतो. खाली पोटाशी घंटा अडकवलेली असते. ती शोभेची नाही. स्वाराने हात सोडला की तिच्या वजनाने दोर गळून पडतो.

आधी मुठीला राळ लावतात आणि हातमोजा घालून दोरावर जोरजोरात वरखाली घासतात. राळ गरम झाली की चिकट होते. मग वळूवर बसायचं, तळहात वरच्या बाजूला करून मूठ धरायची, आणि शूटवर उभा असलेला सहकारी दोराचं मोकळं टोक ओढून आवळतो. ते टोक तळहातावरून, हाताच्या पाठीमागून फिरवून परत तळहातात घ्यायचं आणि बोटं मिटायची. मोकळ्या हाताने मुठीवर चार ठोसे, म्हणजे राळ बसते. शेवटी कंबर पुढे सरकवून मुठीला भिडवायची आणि मान हलवायची. मान हलली की दार उघडलं. काही जण टोक करंगळी आणि अनामिकेच्या मधून घेतात. पकड पक्की होते, पण हात वेळेवर सुटत नाही. या वेढ्याला तिकडे ‘सुइसाइड रॅप’ म्हणतात.

दोर सैल राहिला तर पहिल्या दोन उड्यांत बाजूला सरकतो आणि स्वारही त्याच्याबरोबर सरकतो. दुसरी नेहमीची चूक मागे रेलून बसण्याची. तसं बसलं की हात लांब होतो आणि पुढच्या लाथेला मूठ उघडते. छाती पुढे, हनुवटी खाली, नजर वळूच्या खांद्यांवर. नजर जमिनीकडे गेली की स्वारही तिकडेच जातो.

---

कृष्णाकाठ

पट्ट्याबद्दल आणि वशिंडाबद्दल लिहितो.

फ्लँक स्ट्रॅप बरगड्या संपतात आणि मांड्या सुरू होतात त्या मधल्या जागेत, पोटाभोवती असतो. घोड्याच्या पट्ट्याला आतून मेंढीच्या लोकरीचं किंवा तसंच मऊ अस्तर लागतं, वळूला मऊ सुती दोर. वृषणं त्याच्या बरीच मागे असतात, तिथे तो पोचत नाही. सासऱ्यांना एवढंच सांगा: उसळणाऱ्या घोड्यांत घोड्या आणि खच्ची केलेले घोडे भरपूर असतात. त्यांना वृषणंच नाहीत, तरी तेही तितकंच उसळतात. पट्ट्याचा त्रास होतो तो नकोशा स्पर्शाचा, म्हणून जनावर तो झटकायला मागचे पाय उंच फेकतं. फार आवळला तर उलट होतं: जनावर उसळायचं सोडून अंग आखडतं, उभं राहतं किंवा नुसतं पळतं. म्हणून पट्टा ओढायला मालक स्वतः किंवा त्याचा भरवशाचा माणूस असतो. घोड्याचा पट्टा आठ सेकंदांनंतर पिकअपवाले (घोड्यावरचे दोन मदतनीस) एका झटक्यात सोडतात.

याचा अर्थ आक्षेपच नाहीत असं नाही. ब्रिटनमध्ये १९३४ च्या कायद्याने या खेळाची वाटच बंद झाली. अमेरिकेत पीआरसीएच्या प्रत्येक प्रयोगाला पशुवैद्य हजर असावा लागतो. माझ्या मते खरा गंभीर वाद वासराला दोर टाकून पाडण्याच्या स्पर्धेचा आहे, पट्ट्याचा नाही.

आणि उसळणं पट्ट्याने ‘शिकवलं’ जात नाही, ते रक्तात असावं लागतं. वळूंच्या वंशावळीची नोंद एबीबीआय ही संस्था डीएनए तपासून ठेवते. दोन वर्षांच्या वळूवर माणूस न बसवता पाठीवर एक छोटी पेटी बांधतात आणि चार सेकंदांनी ती रिमोटने पाडतात. तेवढ्यात त्याची उंची, लाथ, गिरकी दिसते. कॅनडातल्या कॅल्गरी स्टॅम्पीड या रोडिओची घोड्यांची स्वतःची पैदास आहे. त्यांचा ग्रेटेड कोकोनट सहा वेळा वर्षातला सर्वोत्तम बेअरबॅक घोडा ठरला.

आता वशिंड. त्या वळूंत ब्राह्मन जातीचं रक्त आहे, आणि ब्राह्मन ही अमेरिकेत आपल्याच जनावरांतून घडवलेली जात. त्यात गीर, कांकरेज, ओंगोल आणि मिरजेच्या अगदी जवळची, कृष्णाकाठची जात आहे. १९०६ साली टेक्सासच्या पिअर्स रँचसाठी भारतातून थेट जनावरं आणली गेली. पुढे काही ब्राझीलमार्गे आली. गोचीड आणि उष्मा सोसणारी जनावरं त्यांना हवी होती. ती चपळही निघाली आणि जागच्या जागी फिरणारीही, आणि रोडिओवाल्यांना तेच हवं होतं. मात्र आजचे वळू शुद्ध ब्राह्मन नसतात, संकर असतात. वशिंड काहींचं मोठं, काहींचं नावाला.

---

वैदेही_केटी

सगळ्यांचे मनापासून आभार! कृष्णाकाठचं नाव वाचून सासऱ्यांनी दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. त्यांचा नवा प्रश्न: समालोचक सारखं ‘हाताच्या दिशेने फिरला’, ‘हातापासून दूर फिरला’ म्हणतो. त्याने एवढा काय फरक पडतो?

---

राळ_आणि_दोर

काकांनी नेमकं हेरलंय, कारण सगळा धोका त्यातच आहे.

स्वाराने उजव्या हाताने मूठ धरलीय असं समजा. वळू उजवीकडे गिरक्या घेऊ लागला, तर तो हाताच्या दिशेने फिरला. हे त्यातल्या त्यात बरं. डावीकडे फिरला, तर गिरकीचा आतला भाग स्वाराच्या मोकळ्या हाताच्या बाजूला येतो. त्या आतल्या जागेला ‘वेल’, म्हणजे विहीर, म्हणतात. स्वार तिथे पडला की अंग एका बाजूला आणि हात पाठीवरून पलीकडच्या मुठीत, असं होतं. मनगट पिळतं, वेढा आणखी आवळतो आणि हात निघत नाही. याला ‘हँग अप’ म्हणतात. म्हणून शिकवतात ते असं: उतरायचं ते मूठ धरलेल्या हाताच्याच बाजूने. तिकडे पडलं की बोटं आपोआप उघडतात.

हात अडकलाच तर स्वाराने पायांवर उभं राहून वळूच्या खांद्याबरोबर चालत राहायचं आणि मोकळ्या हाताने दोराचं टोक ओढायचं. पाय सुटले तर फरफटत खुरांखाली जायचं. तेवढ्यात एक बुलफायटर वळूच्या तोंडापुढे येऊन त्याला वळवतो आणि दुसरा टोक उपसतो. हे स्पेनमधले बुलफायटर नव्हेत. यांचं काम फक्त स्वाराला वाचवणं.

३० जुलै १९८९ रोजी शायेनच्या रोडिओत लेन फ्रॉस्ट हा वळूस्वार आठ सेकंद पूर्ण करून उतरला होता, त्यानंतर वळूने मागून धडक दिली आणि तो गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र कोडी लँबर्टने छातीचं संरक्षक जाकीट तयार केलं. आज ते प्रत्येकाच्या अंगावर दिसेल.

जाकीट चेहरा मात्र वाचवत नाही. बोडेशस नावाचा पिवळट वळू होता. तो मागचे पाय उंच फेकून स्वाराला पुढे खेचायचा आणि त्याच क्षणी डोकं मागे उचलायचा. छाती पुढे ठेवायची शिकवण पाळणाऱ्यालाच जास्त मार. १९९५ मध्ये लास व्हेगासला टफ हेडमन या वळूस्वाराच्या चेहऱ्याची हाडं त्याने मोडली. याच टफने १९९३ मध्ये त्याच्यावर ९५ गुण घेतले होते! डिसेंबरच्या फायनल्सला टफच्या वाट्याला पुन्हा तोच वळू आला, तेव्हा दार उघडल्यावर त्याने टोपी उंचावून त्याला एकट्याला जाऊ दिलं. तो निर्णय मला अनेक विजयांपेक्षा मोठा वाटतो. पीबीआरमध्ये (फक्त वळूस्वारीची वेगळी संघटना, १९९२ पासून) आता १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हेल्मेट सक्तीचं आहे.

---

खोगीर_आणि_रिकीब

वेळेच्या स्पर्धा राहिल्या, थोडक्यात सांगतो. टीम रोपिंगमध्ये पुढचा स्वार शिंगांना दोर टाकतो, मागचा मागच्या दोन्ही पायांना. एकच पाय सापडला तर ५ सेकंद दंड. जनावराला ठरलेलं अंतर आधी सोडतात. त्याआधी घोड्याने समोर आडवी ताणलेली दोरी तोडली तर १० सेकंद दंड. बक्षिसं अर्ध्या सेकंदाच्या फरकाने जातात, म्हणजे १० सेकंद लागले की त्या फेरीतून गेलाच.

वासराच्या स्पर्धेत कोणतेही तीन पाय बांधायचे, मग स्वार घोड्यावर चढून दोर सैल करतो. तिथून पुढे ६ सेकंद गाठ टिकली पाहिजे, नाहीतर वेळच धरत नाहीत. तेव्हा टाळ्या वाजवायची घाई करू नका, पंचाच्या झेंड्याकडे बघा.

बायकांच्या बॅरल रेसिंगमध्ये तीन पिंपांना वळसे घालून परत यायचं. पिंप पडलं तर प्रत्येकी ५ सेकंद दंड. डुगडुगणारं पिंप धावत्या घोड्यावरून हाताने सावरलं तर चालतं. ते बघायला मिळालं तर काकांना जरूर दाखवा.