इप्सविचच्या पूर्वजांचं इंग्लंडमधलं गाव कसं शोधू?

प्रश्न: माझ्या सासूबाई अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या. त्यांचं घराणं १६३०च्या दशकात इंग्लंडहून तिथल्या इप्सविचला आलं असं घरात सांगतात. मूळ गाव कळावं ही त्यांची फार इच्छा आहे. ऑनलाइन वंशावळींत वेगवेगळी गावं दिसतात, पुरावा एकालाही नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, इंग्लंडकडे उडी नको. सासूबाईंपासून एकेक पिढी मागे जा. १८५०च्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या सगळ्या स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसांची नावं आहेत, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. पण इप्सविचच्या १८४९ अखेरपर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदी छापलेल्या आहेत.

उत्तर: मला विचाराल तर खरा खजिना मृत्युपत्रांत आहे. इप्सविच ज्यात येतं त्या एसेक्स काउंटीची (जिल्ह्याची) १६३५ ते १६८१ची तीन खंडांत छापली आहेत. जावई कोण, शेत कुणाच्या बांधाला लागून, गाय कुणाला दिली, सगळं त्यात सापडतं. एकाच नावाचे दोघे असले तर यावरूनच वेगळे करता येतात. शेजाऱ्यांचाही माग काढा. बरेचदा एकाच भागातली कुटुंबं जवळजवळ वसली.

प्रश्नकर्ती: खूप आभार! एका नोंदीत ‘फेब्रुवारी १६५२/५३’ आहे. कोणतं वर्ष धरू?

उत्तर: १६५३. तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जुन्या हिशेबाने १६५२ आणि आताच्या हिशेबाने १६५३ अशी दोन्ही वर्षं लिहिली आहेत; १७५२मध्ये ते बदललं. आणि कुटुंब १६३५पर्यंत आलं असेल तर रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचे ‘ग्रेट मायग्रेशन’ खंड (त्या सुरुवातीच्या स्थलांतरितांची माहिती देणारे) आधी उघडा. इंग्लंडमधलं मूळ ठिकाण संशोधकांना ठाऊक असेल तर ते तिथे पुराव्यासकट दिलेलं असतं.