कासवाला उरलंसुरलं खायला घालणाऱ्यांसाठी (आणि त्यांना अंगठे दाखवणाऱ्यांसाठीसुद्धा)

विश्रामबागचा_कासववाला
काल आपल्या सांगली-मिरजेच्या पाळीव प्राण्यांच्या ग्रुपवर एका गृहस्थांची पोस्ट आली. "कासव पाळायला खर्च शून्य, घरात उरलेलं सगळं खातंय, टोमॅटो, काकडी, केळं, दूधभाकरी, आणि मधनं मधनं मांजराचं खाणं मूठभर टाकलं की झपाट्यानं वाढतंय." खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. डोकंच उठलं म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडं लोक जमिनीवरचं जे कासव रीतसर पाळतात ते बहुतेक सुलकाटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं जनावर आहे ते, तिथं काय मंडई भरत नाही. वाळकं गवत आणि झुडपांचा पाला, बास. ते गवत मागच्या आतड्यात सावकाश आंबवून त्याचं पोट चालतं. तुम्ही रोज केळं घातलंत की आतलं आंबवणंच बिघडतं, मग पातळ शी सुरू होते, जंत बोकाळतात. मांजराच्या खाण्यातलं प्रोटीन तर थेट किडनीवर जातं, मूतखडे होतात. आणि "झपाट्यानं वाढतंय" हे कौतुकानं कसलं सांगता, हे जनावर पन्नास वर्षं आरामात जगणारं आहे, त्याला कसली घाई?

दहातले आठ घास गवत. हरळी असू दे, वाळवलेलं गवत असू दे. वरचे दोन घास जास्वंदीची पानंफुलं, फड्या निवडुंगाचं काटे काढलेलं पान, कधी शेवग्याचा पाला. कोवळं ऊन पाहिजे, आणि काचेआडून नको, काचेतनं कामाचे किरण येत नाहीत. कॅल्शियमला काष्ठौषधीच्या दुकानातनं समुद्रफेस आणा, तुकडा नुसता टाकून ठेवा, त्याचं ते कुरतडतं. दूध अजिबात नाही.

गावभागातला_जुना
आलं शहाणपण. आमच्या वाड्याच्या आडात कासव होतं, मी जन्मायच्या आधीपासून. आजी रोज दुपारी कठड्यावरनं दूधभात टाकायची, हाक मारली की वर यायचं. ना कुणी त्याला समुद्रफेस दिला ना कोवळं ऊन मोजून दिलं. २०१९ च्या पुरात आड आणि नदी एक झाली तेव्हा ते गेलं, नाहीतर आजही असतं. तुमचं गवत खाणारं किती जगतंय ते कळवा मग बोलू.

ढोरांचा_डॉक्टर
काका, आडातलं कासव वेगळं. कवचाची कड मऊ, मान लांब, बरोबर? ते बेडूक, गोगलगायी, मासे खाणारं. आजी दूधभात टाकत होत्या हे खरंच, पण पोट ते आडातच भरत होतं. दूधभातावर जगलं नाही ते, दूधभात असतानाही जगलं.

गावभागातला_जुना
म्हणजे आमची आजी खोटी.

ढोरांचा_डॉक्टर
असं कुठं म्हटलं मी.

नियमावर_बोट
डाएटवर प्रबंध लिहिताय पण मुळात कासव कुठलं आहे ते कुणी विचारणार का? पिवळ्या चांदण्यांचं असेल तर ते स्टार कासव, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर थेट अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तीन ते सात वर्षं आत. आणि आडातलं ते मऊ कडेचंसुद्धा अनुसूची एकमध्येच, तेव्हा काकांनी आठवणी जरा जपून सांगाव्यात. आपल्याकडं लोक वास्तूला चांगलं म्हणून कासव आणतात, तिजोरीच्या खोलीत ठेवतात. अरे शंकराच्या देवळात नंदीपुढं दगडाचं आहे की, त्याच्या पाया पडा. घरात हवंच असेल तर पितळेचं आणा, ते काहीच खात नाही, धाग्याचा विषयच मिटला.

विश्रामबागचा_कासववाला
माझं सुलकाटा आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेलं. कायद्याचा वेगळा धागा काढा ना, इथं खाण्याचं चाललंय.

नियमावर_बोट
आत बसल्यावर खाण्याचंच चालतं.

कृष्णाकाठची_मावशी
मला कुणी सांगेल का, माझ्याकडं पाण्यातलं आहे, कानापाशी लाल पट्टा असलेलं, मुलानं आणून दिलं आणि तो गेला पुण्याला नोकरीला. दुकानदारानं वाळवलेल्या झिंग्यांचा डबा दिलाय, तेवढंच खातंय. आता त्याचे डोळे सुजलेत, उघडतच नाहीत. इथल्या दवाखान्यात नेलं तर म्हणाले आम्ही गाईम्हशी बघतो, फार तर कुत्रं.

ढोरांचा_डॉक्टर
मावशी, नुसत्या झिंग्यांवर ठेवलं की व्हिटॅमिन ए कमी पडतं, डोळे सुजण्याचं ते नेहमीचं कारण. पाणी घाण असलं तरी सुजतात, म्हणून आधी पाणी बदला. त्या जातीचं लहानपणी जास्त मांसाहारी असतं, मोठं झालं की पाला वाढवायचा. पाण्यातल्या कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या, गाजराचा कीस, पाण्यातली हिरवी वनस्पती द्या. पण डोळे मिटले की खाणं सोडतं, तेव्हा थांबू नका, पुण्या-कोल्हापुरात असले प्राणी बघणारा डॉक्टर शोधा. स्वतः व्हिटॅमिनचे थेंब घालू नका, जास्त झालं तरी बाधतं. आणि हो, आम्ही गाईम्हशीच बघतो हे खरं आहे, कॉलेजात कासव एका तासात संपलं होतं.

वाळव्याचा_ऊसवाला
गवतच पाहिजे ना? मग सीझनला उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट पडलंय की रानात. तोडकऱ्यानं एक पेंढी दिली तर कासव महिनाभर खाईल.

ढोरांचा_डॉक्टर
वाड्यात ऑक्झॅलेट असतं दादा, ते कॅल्शियम धरून बाहेर नेतं. गाईला वाडं घालताना चुन्याची निवळी शिंपडा म्हणून आम्ही ओरडतो ते कशासाठी? कासवाचं कवच म्हणजे हाडच. पालकाचंही तेच. कधीतरी एखादं पातं ठीक, रोज नको.

वाळव्याचा_ऊसवाला
गाईला निवळी शिंपडतो कोण हो, तुम्ही सांगता आणि आम्ही हो म्हणतो.

जतकडचं_पाव्हणं
द्राक्षाचा पाला का नाही घालत? परदेशात लोक कासवाला मुद्दाम वेलीची पानं घालतात असं वाचलंय. आपल्याकडं तर तासगावपासून कवठेमहांकाळपर्यंत पाल्याचा ढीग. खरड छाटणीला ट्रॉल्या भरून जातोय.

विश्रामबागचा_कासववाला
चुकूनसुद्धा नको. पान म्हणून उत्तम आहे, पण आपल्या बागांतलं नाही. त्या पानावर काय काय मारलेलं असतं ते बघा एकदा. निळसर थर हातानं पुसला तर बोटाला लागतो. ते पान जनावराला घालणं म्हणजे विष घालणं.

तासगावचा_बागायतदार
आलं फिरून आमच्यावरच. विष म्हणं. तो निळा थर बोर्डोचा हाय, मोरचूद आन चुना, आमच्या आज्ज्याच्या काळापास्नं मारत्यात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीची बुरशी एका रात्रीत बाग खाती, तवा कुणी येत न्हाई इचारायला. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या, म्हंजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, अंशापायी युरोपातनं माल परत आला. आता एक्स्पोर्टच्या बागंची नोंद सरकारच्या ग्रेपनेटवर, लॅबची तपासणी, फवारणीची वही, समदं हाय. युरोपातलं गोरं आमची द्राक्षं खाऊन मरंना आन तुमचं कासव पान खाऊन मरणार?

विश्रामबागचा_कासववाला
साहेब, तपासणी मण्यांची होते. पानाची होते का?

तासगावचा_बागायतदार
व्हती की. देठ परीक्षण काय असतंय मग?

ढोरांचा_डॉक्टर
देठ परीक्षण खताचं. पोटॅश किती, मॅग्नेशियम किती. औषधाचा अंश त्यात बघत नाहीत, तुम्हालाही माहीत आहे. काढणीआधी इतके दिवस थांबा हे मण्याचं गणित, आणि फवारा जास्त बसतो पानावर. शिवाय बोर्डो जुना आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही, तांबं मेंढरांना किती लवकर बाधतं ते धनगरांना विचारा, बागेत मेंढरं घालायला का नाही म्हणतात ते.

तासगावचा_बागायतदार
तुमी पगारी लोकं. औषधाचं बिल बघितलंय का कदी? हौस म्हणून मारत न्हाई आमी. एक वरीस न फवारता बाग धरून दावा, मी सोता तुमच्या कासवाला मांडीवर घिऊन भरवतो.

जतकडचं_पाव्हणं
मी नुसतं पाल्याचं विचारलं होतं राव.

गावभागातला_जुना
म्हणून म्हणतो दूधभात बरा. दुधावर फवारणी नाही.

मिरजेची_मास्तरीण
सगळे कॅल्शियमवर आणि औषधांवर तुटून पडलेत, पण मूळ पोस्टीत एक दावा बाकी आहे. पाठीवर डोंगर आलेली सुलकाटा बघितलीयेत ना, त्याला सगळे मांजराच्या खाण्यालाच दोष देतात. २००३ साली व्हिएन्नामधल्या लोकांनी सुलकाटाच्याच पिल्लांवर बघितलं, तर कवच उंचसखल होण्यात प्रोटीनपेक्षा हवेच्या कोरडेपणाचा वाटा जास्त निघाला. म्हणजे उन्हाळ्यात फॅनखाली कोरड्या फरशीवर ठेवून नुसतं गवत घातलंत तरी पाठ बिघडणारच. पिल्लाला रोज कोमट पाण्यात बसवा, पाणी मानेखाली राहील एवढंच. यावर कासववाले साहेब एक ओळ लिहीत नाहीत.

विश्रामबागचा_कासववाला
मी पाठीच्या डोंगराचा उल्लेखही केला नव्हता बाई, नीट वाचा. किडनी म्हटलं होतं. बाकी पाण्याचं बरोबर आहे, घ्या, एक गुण तुम्हाला.

मिरजेची_मास्तरीण
गुण मी देते, तुम्ही नाही.

कृष्णाकाठची_मावशी
पाणी बदललं. कोल्हापूरचा एक डॉक्टर मिळालाय फोनवर, उद्या नेते. मुलाला सांगितलं तर म्हणतो आई, नदीत सोडून दे.

नियमावर_बोट
नदीत मुळीच सोडू नका मावशी! अमेरिकेतली जात आहे ती, एकदा कृष्णेत पसरली तर आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही खाईल. मुलालाच पार्सल करा.

विश्रामबागचा_कासववाला
पाव्हणं, पालाच हवा असेल तर तुतीचा बघा, कॅल्शियम भरपूर आणि कासव तुटून पडतं. इथं शहरात झाडं कुठं राहिलीत म्हणा.

तासगावचा_बागायतदार
तुतीच हवी तर रेशीमवाल्याकडं जावा की. त्यो औषध मारूच शकत न्हाई, शेजारच्या रानातनं फवारा उडाला तरी त्याच्या अळ्या खलास. तेच्याइतकं निर्मळ पान तुमाला जिल्ह्यात घावायचं न्हाई. माझा मेव्हणा हाय रेशमात. आता मला शिव्या दिल्यासा म्हणून सांगत नव्हतो.

विश्रामबागचा_कासववाला
शिव्या कुठं दिल्या. बरं, पाला विकत देतील का? माझं अजून ताटाएवढंच आहे, पण मोठं झालं की चाळीस किलोच्या वर जातं आणि वासरागत चरतं, तेव्हा कायमची सोय लागणार.

तासगावचा_बागायतदार
चाळीस किलो?? आन फ्लॅटात ठेवलाय व्हय? बरं बरं. इतवारी जावा सकाळचं, नंबर मेसेज करतो. कात्री तुमची तुमी न्या. आन तंबाखूच्या हातानं पाल्याला शिवू नगा, वासानं सुद्धा अळ्या मरत्यात.

विश्रामबागचा_कासववाला
मी तंबाखू खात नाही.

तासगावचा_बागायतदार
सांगलीचं न्हवं? म्हणून सांगितलं.